दीडपट

कुलथे म्हणाले, पन्नासची घ्या.
मेन रोडच्या मागच्या बोळात त्यांचं दुकान,
काचेच्या कपाटात लाल मखमलीवर लेन्स मांडलेल्या.
(सोनारकी बंद केली, मखमल ठेवली.)
माझ्या खिशात सातपूरच्या कंपनीचे दोन दिवाळी बोनस,
आणि डोळा पंच्याऐंशीवर.

"क्रॉप सेन्सर ना तुमचा?"
क्रॉप म्हणजे पीक, मी थट्टेनं म्हणालो.
"छाटणी," ते हसले नाहीत,
"बागेत ऑक्टोबरात करतात ती.
चारी कडा छाटलेल्या. उरलेलं मोठं वाटतं, एवढंच.
पन्नास लावा, पंच्याहत्तरसारखी बघेल.
पंच्याऐंशी लावा, सव्वाशेच्या पुढे गेलात.
खोली केवढी आहे?"

लेन्स घ्यायला आलेल्या माणसाला
कुणी खोली विचारतं का?

अकरा बाय नऊ. सिडकोतली.
दिवाण, शिलाई मशीन, हेमाताई.

"दोन्ही न्या. एक सोमवारी परत आणा."

पंच्याऐंशी लावली.
ताई मशीनसकट मावेना.
पाठ कपाटाला टेकली, मग दाराला,
मग मी जिन्यात, शेजाऱ्यांच्या चपलांमध्ये.
तिथून ती सुरेख दिसत होती,
नाक नाकाच्या जागी, कान कानाच्या,
आणि मागचा सिलिंडर नुसता लाल ढग.
"हनुवटी जरा वर," मी म्हणालो.
"काय?" ती म्हणाली.
"हनुवटी!"
वरच्या मजल्यावरून कुणीतरी डोकावलं.

कॅमेऱ्याबरोबर आलेली जुनी लेन्स लावून
अगदी पुढ्यात गेलो, तर नाक वाढलं,
कान मागे पळाले.
काचेला दोष देऊ नका, कुलथे म्हणाले होते,
चेहरा बदलतो तो अंतरानं.
काच फक्त कापते.

मग पन्नास.
पाच-सहा फूट. दिवाणावर बसून
आजारी माणसाशी बोलतात तेवढं.
एवढ्या अंतरावर आम्ही शेवटचे कधी बसलो होतो
ते आठवायला मला
फोकस दोनदा चुकवावा लागला.

तिचा शेवटचा फोटो प्रेसच्या गेट पासवरचा.
नाशिकरोडला एकतीस वर्षं
तिनं तिकिटांचे ताव तपासले.
रंग केसभर सरकला, छिद्र चुकलं,
की ताव बाजूला.
लग्नाच्या फोटोंत ती स्वतःच बाजूला व्हायची.
डाव्या कानाखालून जबड्यापर्यंत कोड,
त्याला घरात कुणी नाव घेऊन हाक मारली नाही.

मी तयारीनं आलो होतो.
एक पॉइंट आठ. उजवा डोळा धारदार,
पापणीचा केस न् केस,
आणि तिथून पुढे सगळं मऊ,
डावा गाल दुधात विरलेला.
मनात म्हटलं, बघ, जमलं.

तिनं पडदा डोळ्यांपाशी नेला.
मग उठली, मशीनच्या खणातून
प्रेसमधलं भिंग काढलं.
बराच वेळ पाहत राहिली.
"इथं काहीतरी होतं," ती म्हणाली.
मी गप्प.
"छपाईत गेलंय."

जानेवारीतलं ऊन खिडकीत टिचभर.
तिनंच स्टूल तिकडे ओढलं,
पदर मागे घेतला,
डावी बाजू माझ्याकडे केली.
मी छिद्र बारीक करत गेलो,
अडीच, चार, साडेपाच,
आयएसओ वाढवला, रवा आला, येऊ दे म्हटलं.
मागचा सिलिंडर परत सिलिंडर झाला,
त्यावरचं फडकंही.
आणि तिच्या जबड्यावर
फिकट कडांचा एक प्रदेश,
शाळेच्या नकाशात कधी न भरलेला.

क्लिक.
श्वास सोडून पुन्हा क्लिक.

तिनं भिंग परत मागितलं.
"डावीकडची कड थोडी सरकलीय," म्हणाली.
मग खण लावता लावता,
माझ्याकडे न बघता,
"चालेल."